गुडघा बदलल्यानंतर पुन्हा चढण चढायला शिकवणारे केंद्र : सात महिन्यांचा अनुभव

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या उजव्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरातल्या एका थंड सकाळी, मी अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या मंगळाई देवीचे दर्शन घेऊन स्वतःच्या पायांनी घरी परतले. या दोन दिवसांच्या मध्ये सर्जनचे काम दीड-दोन तासांचे होते. बाकीचे सगळे साताऱ्यातील एका लहानशा फिजिओथेरपी केंद्राने माझ्याकडून करून घेतले. त्या केंद्राची पद्धत, तेथे मला आवडलेल्या आणि खटकलेल्या गोष्टी सविस्तर लिहाव्यात असे वाटले. शस्त्रक्रिया कोठे करावी याची चौकशी लोक सहा-सहा महिने करतात, नंतरचा व्यायाम कोणाकडे करावा याची चौकशी मात्र घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाची वाट पाहत बसले असताना करतात. आम्हीही तेच केले आणि त्यात माझे तीन आठवडे वाया गेले. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण हा मजकूर जाहिरात ठरू नये अशी इच्छा आहे. असे केंद्र निवडताना काय पाहावे, एवढे यातून कळले तरी पुरे.

माझे वय ६६. टपाल खात्यात नोकरी झाली, आणि नोकरीत असल्यापासून वीस वर्षे रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागण्याची सवय होती. गेल्या चार वर्षांत ती हळूहळू सुटत गेली. आधी मंगळाईपर्यंत जाणे थांबले, मग त्या चढणीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जाणे थांबले, शेवटी घरापासून मंडईपर्यंतही मध्ये एकदा कट्ट्यावर बसावे लागू लागले. उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता. एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट नाहीशी झाली होती. कूर्चा झिजून हाड हाडावर घासत होते. मला सर्वांत लागून राहिली ती गोष्ट मात्र एक्स-रेतली नव्हती. एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत मिळूनही लालपरीची पहिली पायरी मला चढता येत नव्हती. कंडक्टरने हात देऊन वर ओढून घ्यावे आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी खोळंबावे, हे दोनदा झाले आणि मी माहेरी कऱ्हाडला जाणेच बंद केले. २००० साली पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झाली, तेव्हा माझ्या आईचे गुडघे असेच झाले होते. आम्ही तिला परोपरीने सांगितले, पण ती अखेरपर्यंत तयार झाली नाही आणि शेवटची सात वर्षे तिने पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये काढली. माझ्या निर्णयामागे हेही एक कारण होते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले, चौथ्या दिवशी घरी सोडले. घरी आल्यावर एका संस्थेमार्फत एक मुलगा आठवड्यातून तीनदा येऊ लागला. तो वेळेवर यायचा, बोलायला नम्र होता. आल्यावर गुडघ्याभोवती विजेच्या यंत्राच्या चार पट्ट्या लावायचा, पंधरा मिनिटे मोबाइल पाहत बसायचा, मग गुडघा दहा वेळा वाकवून घ्यायचा आणि जायचा. जाताना गुडघ्याखाली एक जाड उशी सरकवून ठेवायचा, कारण त्याने दुखणे कमी व्हायचे. मला ती उशी फार प्रिय झाली होती. मी रात्रीही तीच ठेवून झोपत असे. नऊ भेटी झाल्या आणि तीन आठवड्यांनी टाके तपासण्यासाठी गेले, तेव्हा सर्जननी पाय पलंगावर सरळ ठेवायला सांगितला. तो सरळ होईना. गुडघा आणि पलंग यांच्यामध्ये मूठ मावेल एवढी पोकळी राहत होती. वाकवण्याच्या नादात सरळ करणे कोणी पाहिलेच नव्हते आणि त्या उशीने गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडत चालला होता. नव्या सांध्याभोवतीचे स्नायुबंध आणि त्वचेखालचे व्रण सुरुवातीच्या आठवड्यांत घट्ट होत जातात. त्या काळात गुडघा ज्या स्थितीत ठेवाल, ती स्थिती त्याच्या अंगवळणी पडते. हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

त्याच संध्याकाळी सर्जननी सुचवलेल्या दोन नावांपैकी एकीला फोन केला. दोन फिजिओथेरपिस्ट मैत्रिणींनी मिळून चालवलेले हे केंद्र. ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही त्यांच्याकडे त्या सुरुवातीला घरी येतात. पहिल्या भेटीत डॉक्टरताईंनी यंत्र आणले नाही. पिशवीतून एक लांब दांड्यांचे प्लास्टिकचे कोनमापक काढले, एक दांडी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत धरली आणि वहीत आकडे लिहिले : सरळ होण्यात १४ अंश कमी, वाकणे ७८ अंशांपर्यंत. मग माझ्या यजमानांना उशी कपाटात ठेवायला सांगितली. त्यांनी एका टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा अधांतरी राहील आणि आपल्याच वजनाने खाली येत जाईल. पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी घाई केली नाही आणि टॉवेलही काढला नाही.

त्यानंतर त्यांनी आपला हात पालथा करून माझ्या गुडघ्याखाली सरकवला आणि म्हणाल्या, "काकू, माझा हात दाबा. पलंग नको, हात." मी सगळे बळ एकवटले, तरी त्यांच्या बोटांवर काहीच दाब येत नव्हता. मांडीचा पुढचा स्नायू जणू माझे ऐकतच नव्हता. शस्त्रक्रियेनंतर तो स्नायू दुखण्यामुळे आणि सुजेमुळे जवळजवळ झोपी जातो आणि त्याला आधी जागे करावे लागते, हे त्यांनी समजावून सांगितले. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर टकटक केले, वाटी कशी वर सरकायला हवी ते माझ्या चांगल्या पायावर दाखवले आणि पुन्हा दाबायला सांगितले. सातव्या की आठव्या वेळी वाटी किंचित, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी, वर हलली. ती हालचाल मला अजून आठवते. त्या दिवसापासून दर दोन तासांनी दहा वेळा हात दाबणे सुरू झाले. हात आता यजमानांचा.

सरळ होण्यावर इतका भर का, हे मला पुढे चालताना कळले. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर त्या पायावर उभे राहिल्यावर मांडीच्या स्नायूला क्षणभरही विसावा मिळत नाही, तो पाय आखूड असल्यासारखा पडतो, माणूस लंगडतो, आणि तो भार कंबरेवर आणि दुसऱ्या गुडघ्यावर जातो. माझा डावा गुडघा आधीच निम्मा गेलेला होता. शेजारीपाजारी आणि नातेवाईक मात्र भेटीला आले की एकच प्रश्न विचारत : "किती वाकतो?" सरळ किती होतो, हे एकानेही विचारले नाही. घरभेटी चौदा झाल्या, त्या संपताना सरळ होण्यातली उणीव १४ अंशांवरून ३ वर आली होती आणि वाकणे १०२ वर गेले होते.

या केंद्राची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ती वही. तिच्या पहिल्या पानावर माझ्या दुखण्याचे वर्णन नव्हते. मला पुन्हा काय करायचे आहे, ते होते. मी चार गोष्टी सांगितल्या होत्या : ओट्याशी तासभर उभे राहून पुरणपोळ्या करणे, एसटीत चढणे, जमिनीवर मांडी घालून बसणे आणि मंगळाईचे दर्शन. त्यांनी प्रत्येकीसमोर गुडघ्याला काय लागेल ते लिहिले. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकतो, जिना चढायला ८५च्या आसपास, उतरायला ९०च्या पुढे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायला ९५ ते १०५. तिसऱ्या गोष्टीसमोर त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आणि "याबद्दल सर्जनशी बोलू" असे सांगितले. पोकळ आश्वासन दिले नाही, हे मला तेव्हा बोचले होते. आज मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे.

जूनपासून मी केंद्रात जाऊ लागले. दोन लांबट खोल्या, एकीत तीन पलंग, दुसरीत दोन्ही बाजूंना कठडे असलेला चालण्याचा मार्ग, लाकडी पायऱ्या, एकाच जागी राहणारी सायकल, भिंतीला बांधलेले रबरी पट्टे. झगमगाट काही नाही. सायकलची बैठक पहिल्या दिवशी इतकी उंच ठेवली की पूर्ण फेरा जेमतेम पूर्ण व्हावा, आणि दर आठवड्याला ती एकेक भोक खाली आणली. गुडघा किती वाकू लागला हे त्या भोकांवरूनच मला कळू लागले. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून हात छातीशी दुमडून किती वेळा उठता येते, हे दर पंधरा दिवसांनी मोजत. जूनच्या सुरुवातीला माझे ५ झाले, ऑगस्टअखेर १२. चालण्यातली काठी दुखऱ्या पायाच्या नव्हे तर विरुद्ध हातात धरायची, हे साधे वाटते, पण मी दीड महिना ती चुकीच्या हातात धरली होती आणि घरातल्या सर्वांनी ती तशीच पाहिली होती.

एसटीच्या पायरीचे काम त्यांनी फार मनापासून केले. स्टँडवर गाडी उभी असताना पहिल्या पायरीची उंची मोजून आणण्याचे काम डॉक्टरताईंनी माझ्या यजमानांवर सोपवले. त्यांनी टेप नेऊन दोन-तीन गाड्यांची मापे आणली. त्यानंतर केंद्रात लाकडी फळ्या एकावर एक रचून आधी चार इंच, मग सहा, मग आठ, असे करत माझ्याकडून चढउतार करून घेतले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा सुरुवातीचा नियम मी मंत्रासारखा पाठ केला होता. दहाव्या-अकराव्या आठवड्यात त्यांनी तोच नियम मोडायला लावला, कारण कायम तसेच चढले तर नव्या गुडघ्याचा स्नायू कधीच तयार होत नाही. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाला मी दांडी धरून, कोणाचा हात न घेता, कऱ्हाडच्या गाडीत चढले. कंडक्टरला त्यात विशेष काही दिसले नाही आणि मला तेच हवे होते.

त्यांची दक्षताही नमूद करायला हवी. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला त्या दोन्ही पोटऱ्या हाताने चाचपून पाहत आणि ताप, जखमेतून पाणी, छातीत धाप यांविषयी विचारत. पाचव्या आठवड्यात उजवी पोटरी त्यांना जरा कडक आणि गरम लागली. त्या दिवशी त्यांनी व्यायाम घेतलाच नाही. सर्जनना फोन करून मला लगेच डॉपलर तपासणीला, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीला, पाठवले. रक्ताची गुठळी नव्हती, तपासणी निर्मळ निघाली. तपासणीचा खर्च झाला म्हणून कुरकुर करणारे असतील. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काय होते हे ज्याला माहीत आहे, तो करणार नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणारा तळहाताएवढा भाग, महिनोन्‌महिने राहणारी ऊब, चालताना आतून येणारा बारीक टक्‌ असा आवाज, या तिन्हींनी मी घाबरले होते. त्या सामान्यतः चिंतेच्या नसतात, हे त्यांनी आपणहून सांगितले.

आता खटकलेल्या गोष्टी. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. ज्यांच्याकडे मुख्यतः गुडघ्याचेच रुग्ण येतात, त्यांनी भाडे परवडत नाही म्हणून का होईना, अशी जागा घ्यावी, हे योग्य नाही. माझी सुरुवात घरभेटींनी झाली म्हणून निभावले. ज्यांना घरभेटींचा खर्च झेपत नाही, त्यांनी काय करावे? कठडा मजबूत आहे, खाली मदतनीस उभी असते, हे खरे, पण ती उपाययोजना आहे, उत्तर नव्हे. स्वच्छतागृह देशी पद्धतीचे आहे. त्यावर ठेवण्याची खुर्ची मागितल्यावर आणून देतात, पण ती मागावी लागते. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत गर्दी इतकी असते की चाळीस मिनिटे थांबावे लागते. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी.

एक प्रसंग तर चांगलाच त्रासाचा झाला. जुलैमध्ये दोघी डॉक्टर परगावी होत्या आणि नव्या सहायकाने वाकवण्याचा व्यायाम घेताना, माझे "पुरे" हे दोनदा ऐकूनही, गुडघा आणखी रेटला. रात्री गुडघा फुगून नारळाएवढा झाला आणि पुढचे चार दिवस मला वॉकरवर परत जावे लागले. परतल्यावर ताईंनी कारणे सांगितली नाहीत. मला फोन केला, स्वतः घरी येऊन गुडघा पाहिला, त्या आठवड्याचे पैसे घेतले नाहीत आणि सहायकाला माझ्यासमोर नव्हे, आत बोलावून समज दिली. नंतर भिंतीवर एक सूचना लागली : व्यायामाने वाढलेले दुखणे किंवा सूज दुसऱ्या दिवशी सकाळीही कमी झाली नसेल, तर तो व्यायाम जास्त झाला असे समजून लगेच कळवावे. ही ओळ पहिल्या दिवशीच प्रत्येक रुग्णाच्या हाती पडायला हवी होती.

जमिनीवर मांडी घालून बसण्याचे काय झाले, हे बायका मला आवर्जून विचारतात. ते झाले नाही. माझा गुडघा आज ११८ अंश वाकतो आणि सर्जननी मांडी, उकिडवे बसणे आणि उड्या मारणे टाळायला सांगितले आहे, कारण आतल्या प्लास्टिकच्या थरावर नको तेवढा ताण येतो. देवपूजा मी आता उंच चौरंगासमोर खुर्चीवर बसून करते. पहिल्या दिवशी मला देवापेक्षा उंच बसल्याचा संकोच वाटला, म्हणून यजमानांनी देव्हाराच भिंतीवर वर घेतला. सर्जनना विचारून केंद्राने मला मात्र एक वेगळी गोष्ट शिकवली : कधी पडले तर जमिनीवरून उठायचे कसे. घडी घातलेली गोधडी गुडघ्याखाली घ्यायची, खुर्ची समोर ओढायची, दोन्ही हात बैठकीवर टेकायचे, चांगला पाय पुढे रोवायचा आणि त्याच्या जोरावर उठायचे. नव्या गुडघ्यावर टेकताना लाकडावर टेकल्यासारखे विचित्र वाटते. दहा वेळा सराव केल्यावर भीती गेली. घरी एकटी असताना माझ्या मनावर जे सावट असायचे, ते त्या दुपारपासून कमी झाले.

खर्चाचा हिशेब असा. पहिल्या संस्थेच्या नऊ भेटींचे ३,६०० रुपये. या केंद्राच्या चौदा घरभेटी प्रत्येकी ५०० प्रमाणे ७,००० आणि केंद्रातील छत्तीस बैठका प्रत्येकी ३०० प्रमाणे १०,८००, म्हणजे एकूण १७,८००. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी तो सरासरी दीड लाखाच्या पुढे विकला जात होता. सांध्याच्या किमतीबद्दल लोक आता जागरूक झाले आहेत, पण तो सांधा चालता करण्यासाठी जे पैसे लागतात, ते बजेटात कोणीच धरत नाही. आरोग्य विमा असेल तर रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतलाच खर्च बहुधा मिळतो आणि त्यासाठी सर्जनची चिठ्ठी, तारखेसह पावत्या लागतात. केंद्र पावती देते, पण महिन्याची एकत्र. प्रत्येक भेटीची वेगळी मागून घ्यावी, नाहीतर माझ्यासारखे तिसऱ्यांदा जावे लागेल.

अजिंक्यताऱ्याची चढण त्यांनी थेट करू दिली नाही. सप्टेंबरात सपाट रस्ता वीस मिनिटे, मग चाळीस. ऑक्टोबरात चार भिंतींपर्यंत, तेही पाऊस पूर्ण थांबून शेवाळ वाळल्यावर. चढताना मला अपेक्षेपेक्षा कमी त्रास झाला. उतरताना मात्र मांडी थरथरते, कारण उतारावर तो पुढचा स्नायू शरीराचे सगळे वजन आवरत असतो. त्यासाठी त्यांनी केंद्रात सहा इंचांच्या फळीवरून पाय सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम तीन आठवडे घेतला आणि दोन्ही हातांत दोन काठ्या घ्यायला सांगितल्या. मंगळाईला पोहोचायला पूर्वी जेवढा वेळ लागे, त्याच्या दीडपट लागला. देवीसमोर मी उभीच राहिले, नमस्कारही उभ्यानेच केला. परत येताना खाली सातारा शहर उन्हात दिसत होते आणि गेल्या चार वर्षांत ते मी तेथून पाहिले नव्हते.

डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया येत्या फेब्रुवारीत ठरली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मांडीचा स्नायू जितका तयार असेल तितके नंतर सोपे जाते, म्हणून त्याआधीचे सहा आठवडे मी याच केंद्रात सकाळच्या वेळेत आतापासून नोंदवून ठेवले आहेत. वही जुनीच चालवायची आहे. पहिल्या पानावर या वेळी काय लिहायचे, ते ताईंनी विचारून ठेवले आहे.